ज्याचा हात, त्याचे प्रमाणपत्र

खटाव तालुक्यातला प्रत्येक कागद शेवटी वडूजच्या कचेरीत येतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि आपल्या तालुक्यातली माणसे गोळीबारात हुतात्मा झाली. स्वातंत्र्यानंतर कचेरीच्या आवारात अर्ज लिहिणारे, मुद्रांक विकणारे, दस्त करून देणारे बसू लागले आणि त्यांच्यातल्या एकदोघांपुढे टंकयंत्रे आली. अर्ज हाताने लिहिलेला असला तर कारकून तो बाजूला ठेवी आणि टाइप केलेला असला तर वाचायला घेई. गावाकडून आलेल्या माणसाने ही गोष्ट लवकर ओळखली. आपल्या टंकलेखन आणि संगणक संस्थेचा उगम इथे आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर तालुक्यातून मुंबईला जाणाऱ्यांची संख्या वाढली. कुणी माथाडी झाले, कुणी गिरणीत लागले, गलाईच्या धंद्यातली घरे सोन्याचांदीच्या भट्ट्या घेऊन देशभर पसरली. शिकलेल्या मुलांना मात्र ऑफिसची नोकरी हवी होती आणि ऑफिसच्या नोकरीला टायपिंग लागत होते. संस्थापक सर तेव्हा मुंबईत एका गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वडील आजारी पडले म्हणून ते गावी परतले, येताना दोन जुनी रेमिंग्टन यंत्रे घेऊन आले आणि बाजारपेठेतल्या एका माडीवर वर्ग सुरू झाला. सरांचे नाव या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहेच. गावात मात्र त्यांना त्या नावाने कुणी ओळखले नाही. सगळ्यांसाठी ते ‘टायपिंगचे सर’ होते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांनी पुढे पंचवीस-तीस वर्षे फीचे रजिस्टर आणि मुलींची बॅच सांभाळली, त्या ‘बाई’.

वर्ग कसा चालायचा हे आजच्या मुलांना सांगायला हवे. पहिले कितीतरी दिवस फक्त मधली ओळ. डाव्या हाताची चार बोटे ए-एस-डी-एफवर, उजव्या हाताची चार बोटे पलीकडे, आणि नजर समोरच्या पुस्तकावर. खाली पाहायचे नाही. एखादा पाहू लागला तर सर त्याच्या हातांवर एक पंचा टाकत आणि पंच्याखालून टाइप करायला लावत. शाईची फीत कशी चढवायची, रोलर कसा पुसायचा, एकमेकांत अडकलेल्या काड्या बोटाला शाई न लागता कशा सोडवायच्या, हे सगळे ज्याचे त्यानेच करायचे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेला गतीचा उतारा, पत्र आणि स्टेटमेंट असे भाग असत. मराठी ३० आणि इंग्रजी ४० हे दोन आकडे आपल्या माडीवर शाळेतल्या पाढ्यांइतके पाठ होते, कारण लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मिनिटाला तेवढ्या शब्दांची गती मागत.

सरांचा एक नियम पहिल्या दिवसापासून होता. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याचा कागद आपल्या हाताने पुरा करायचा नाही. मित्राचे स्टेटमेंट बिघडले म्हणून कुणी मदतीला गेला तर सर दोन्ही कागद काढून घेत आणि दोघांनाही नवे कोरे कागद देत. कागदाचे पैसे लावत नसत, वेळ मात्र लावत. संस्थेच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हा नियम पुन्हा पुन्हा कसाला लागला, म्हणून तो इथे सविस्तर लिहिला आहे.

नव्वदच्या दशकात साताऱ्याहून आणि कराडहून संगणकाच्या बातम्या येऊ लागल्या. आपल्याकडे पहिला संगणक आला तो माडीच्या आतल्या खोलीत. खोलीला पडदे, दाराबाहेर चपला, यंत्रावर बाईंनी शिवलेले कापडी आवरण. त्यावर डॉस चालायचे, वर्डस्टार चालायचे, लोटसमध्ये बेरजा व्हायच्या. मुले फ्लॉपी खिशात घालून फिरत आणि उन्हाने ती खराब झाली की हळहळत. या काळात तालुक्यात ठिकठिकाणी संगणकाचे डिप्लोमे मिळू लागले होते. रंगीत प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी शिक्का आणि फीही तशीच जबर. आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी बाहेर असे डिप्लोमे केले. मुलाखतीला गेल्यावर ‘हे कुणाच्या मान्यतेचे?’ असा प्रश्न आला आणि त्यावर उत्तर नव्हते. जमीन गहाण टाकून फी भरलेल्या एका बापाला मुलाचे ते प्रमाणपत्र घेऊन सरांसमोर बसलेले मी पाहिले आहे. मी तेव्हा इथे टायपिंग शिकत होते. सरांनी तो कागद वाचला, परत केला आणि मुलाला दुसऱ्या दिवसापासून मोफत बसायला सांगितले. मान्यता ही गोष्ट गरिबाला किती महाग पडू शकते, हे आमच्या पिढीने तेव्हा पाहिले.

ही परिस्थिती बदलली ती २००१ नंतर. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २० ऑगस्ट २००१ रोजी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित, म्हणजे आपण सगळे ज्याला एमकेसीएल म्हणतो ती कंपनी, स्थापन झाली. मुख्यालय पुण्यात. सी-डॅकमध्ये संगणक प्रशिक्षणाचे काम केलेले विवेक सावंत हे तिचे संस्थापक व्यवस्थापकीय संचालक, आणि मुक्त शिक्षणाचा पाया घालणाऱ्या डॉ. राम ताकवले यांचे मार्गदर्शन तिला लाभले. या कंपनीने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणला. संगणकाची तोंडओळख, विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, इंटरनेट आणि ईमेल, इतकाच मजकूर. पण रचना वेगळी होती. शिकवायचे गावोगावच्या केंद्रांनी, अभ्यासक्रम आणि व्यवस्था महामंडळाची, आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने. शिकवणारा आणि पास करणारा वेगळा. माझ्या मते या अभ्यासक्रमाचे मोठे यश याच एका निर्णयात आहे. फी घेणाऱ्याच्या हातात निकाल नसला की फी देणाऱ्यालाही बसून शिकावे लागते.

आपल्याला मान्यता मिळवणे सोपे गेले नाही. केंद्राला ठरावीक संख्येने संगणक हवेत, इंटरनेटसाठी टेलिफोनची लाइन हवी, वीज गेली तर पर्यायी सोय हवी, बसायला पुरेशी जागा हवी. माडीवर यंत्रे ठेवली तर माणसे बसणार नाहीत आणि माणसे बसवली तर यंत्रे मावणार नाहीत, अशी अवस्था. सरांनी कर्ज काढण्याचे आयुष्यभर टाळले होते. बाईंनी पतसंस्थेत आपल्या नावावर कर्ज काढले, सरांनी जामीन म्हणून सही केली आणि आपण बसस्थानकाच्या बाजूच्या सध्याच्या जागेत आलो. निम्मी टंकयंत्रे सोबत आली. टंकलेखनाचा वर्ग बंद करायचा नाही, एवढी एकच अट सरांनी घातली होती. पुढची पंधरा वर्षे एका भिंतीला टंकयंत्रांची रांग आणि समोरच्या भिंतीला संगणकांची रांग, असे आपले केंद्र होते. टंकयंत्रांचा आवाज इतका की संगणक शिकवणाऱ्याला ओरडून बोलावे लागे.

पहिल्या बॅचला आलेली मुले दहावीच्या सुट्टीतली आणि कॉलेजची. त्यांना माऊस दोन दिवसांत यायचा. खरी कसोटी पुढे होती.

राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणकाची अर्हता आवश्यक केली. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत जवळ येऊ लागली तशी कार्यालयांत धावपळ उडाली, कारण मुदतीत परीक्षा उत्तीर्ण न होणाऱ्याची वेतनवाढ रोखली जाणार होती. मग आले जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पंचायत समितीचे कारकून, वनरक्षक. मायणीहून, औंधहून, पुसेसावळीहून, निमसोडहून, कातरखटावहून. काही जण निवृत्तीला आलेले. काहींचे विद्यार्थी आमच्याकडे शिकवत होते. गुरुजींना शिष्याच्या शेजारी बसून ‘फाइल सेव्ह कशी करायची’ विचारायचे होते आणि हे अवघड होते. आमच्या एका तरुण शिक्षकाने त्यावर तोडगा काढला. आपल्या जुन्या गुरुजींना शिकवताना तो खुर्चीवर न बसता शेजारी उभा राही.

त्या दिवसांतले एक ग्रामसेवक भाऊसाहेब आठवतात. दोन गावांच्या दप्तराचा भार, हात भरभक्कम, बोटे रबरी शिक्क्याची सवय असलेली. माऊस धरायचे तर ते शिक्का मारल्यासारखे वरून दाबून धरत. पडद्यावरचा बाण एका कोपऱ्यात जाऊन अडके आणि माऊस टेबलाच्या कडेला येऊन थांबे. ‘आता पुढं जागाच न्हाई, म्याडम.’ माऊस उचलून पुन्हा मध्ये ठेवता येतो आणि तेवढ्यात बाण हलत नाही, हे त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी ते दहा-बारा वेळा करून पाहिले. मग दोनदा क्लिक. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये त्यांचा हात सरके आणि फाइल उघडण्याऐवजी तिचे चित्र दुसरीकडे ओढले जाई. आम्ही त्यांना पत्त्यांचा खेळ लावून दिला. एकेक पत्ता उचलून दुसऱ्या रांगेत नेताना ओढणे आणि सोडणे हाताला कळते. आठवडाभर ते बॅच सुटल्यावर पत्ते खेळत बसले आणि बाहेर येरळा नदीकाठच्या गावाला जाणारी शेवटची एसटी त्यांच्यासाठी थांबवून ठेवायला कुणीतरी पळत जाई. ते पास झाले. पुढे ग्रामपंचायतीत संगणक आला तेव्हा दाखले काढून द्यायला त्यांनी ऑपरेटर येण्याची वाट पाहिली नाही.

याच महिन्यांत सरांच्या नियमावर सगळ्यात जास्त दडपण आले. हे लिहायला हवे, कारण इतिहासात फक्त सत्कार लिहिले तर तो इतिहास होत नाही. मुदत जवळ आली तसे काही जण फी दुप्पट द्यायला तयार झाले. हजेरीची अडचण सांगत, ‘आमच्या मुलाला बसवतो माझ्या जागी, त्याला येतं सगळं,’ असे म्हणत. काही वरिष्ठांचे फोन आले. काहींनी, दुसरीकडे सोय होते असे ऐकले आहे, असे सुचवून पाहिले. सर तेव्हा थकले होते, पण खुर्ची दारासमोर घेऊन बसत. ते कुणालाही ‘नाही’ म्हणाले नाहीत. ‘सकाळी पाचला या, मी स्वतः थांबतो,’ एवढेच म्हणत. निम्मे लोक खरोखर पहाटे आले. बाकीचे आले नाहीत आणि त्यांतले काही आमच्यावर कायमचे नाराज झाले. त्या वर्षी आपल्याला मिळू शकले असते तेवढे उत्पन्न मिळाले नाही आणि पतसंस्थेचे हप्ते दोनदा थकले. संस्थेचे जमाखर्चाचे रजिस्टर कुणीही पाहू शकते.

पहाट हे सरांचे औदार्य होते तशीच ती गरजही होती. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागात भारनियमन दहा-दहा, बारा-बारा तासांचे होते. बॅचचे वेळापत्रक आम्ही ठरवत नव्हतो, वीज कंपनी ठरवत होती. वीज रात्री असली तर रात्री बॅच, पहाटे असली तर पहाटे. दारात मोठ्या फळ्यावर आठवड्याच्या वेळा खडूने लिहिलेल्या असत आणि लोक एसटीतून उतरल्या उतरल्या आधी फळा वाचत. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज व्हायलाही वीज लागते, आणि ती मिळायची नाही. बॅटरीवर मॉनिटर सगळ्यात जास्त वीज खात, म्हणून आम्ही दोघांना एका मॉनिटरवर बसवण्याऐवजी निम्म्यांना वाचनाला बसवत असू आणि वीस मिनिटांनी अदलाबदल करत असू. परीक्षेच्या दिवशी जनरेटर भाड्याने आणला जाई. तो अर्ध्यात बंद पडला तर काय, या भीतीने परीक्षेआधीच्या रात्री कुणी नीट झोपत नसे.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. तालुक्यातल्या मुली सकाळच्या एसटीने कॉलेजला येत. पास काढलेला असे, त्यामुळे दुपारी दोन तास इथे बसून संध्याकाळच्या गाडीने घरी जाता येई. घरच्यांना हे चालत असे, कारण कोर्स सरकारमान्य होता. एरवी ‘क्लास’ या नावाखाली बाहेर राहायला परवानगी मिळाली नसती. प्रमाणपत्रावरच्या मंडळाच्या नावाने किती दारे उघडली याचा हिशेब करता येणार नाही, पण आमच्या हजेरीपत्रकात काही वर्षे मुलांपेक्षा मुली जास्त होत्या, हे मात्र पाहता येते. बचत गटातून कर्ज काढून फी भरणाऱ्या अंगणवाडी सेविका आल्या. गलाईच्या घरांतल्या सुना उन्हाळ्यात गावी येत तेव्हा कोर्स करून जात. एकीचे घर केरळमध्ये होते. तिला दुकानाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचा होता. तिने पहिल्याच दिवशी विचारले की सोन्याचे वजन ग्रॅममध्ये आणि मिलीग्रॅममध्ये वेगवेगळ्या रकान्यात ठेवायचे की एकाच रकान्यात दशांशाने. आमच्या पुस्तकात असे उदाहरण नव्हते. तिच्यासाठी आम्ही वेगळे पान तयार केले, आणि ते पान पुढे अनेक गलाई कुटुंबांनी मागून नेले.

शिकवण्याच्या पद्धतीत बदल झाला तो महामंडळाच्या ‘ईरा’ या ई-लर्निंग प्रणालीमुळे. विद्यार्थ्याने आपला क्रमांक आणि पासवर्ड टाकून बसायचे, धडा पडद्यावर पाहायचा, लगेच स्वतः करून पाहायचा आणि किती जमले याची नोंद तिथल्या तिथे व्हायची. शिकवणारा कमी बोलू लागला आणि विद्यार्थी जास्त करू लागला. सरांना हे फार आवडले. त्यांचा पंचा आता यंत्रातच बसवला आहे, असे ते म्हणत. माझे मत थोडे वेगळे आहे. पडद्यावरचा धडा सगळ्यांना सारखा असतो, पण कुणाला ‘फोल्डर’ म्हणजे काय हे समजायला कपाट उघडून दाखवावे लागते, आणि ते शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच समजते. म्हणून आपल्या केंद्रात आजही एका बॅचला एक शिक्षक खुर्ची सोडून फिरत असतो.

मराठी टायपिंगचा प्रश्न हा आपल्या संस्थेचा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न राहिला आहे. आपण मुळात टंकलेखनवाले. सुरुवातीला संगणकावर मराठी म्हणजे श्रीलिपी किंवा तसे फॉन्ट. आपल्या संगणकावर सुंदर दिसणारे पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोड आल्यावर तो प्रश्न सुटला, पण नवा उभा राहिला. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावी लागते आणि अक्षर नंतर. इन्स्क्रिप्टमध्ये उलट, उच्चाराच्या क्रमाने अक्षर आधी, वेलांटी नंतर. तीस वर्षे हात चाललेल्या एका न्यायालयीन टंकलेखकाने आमच्याकडे ‘किंमत’ हा शब्द टाइप केला. पडद्यावर आधी ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली एकटीच वेलांटी आली आणि तिच्यामागे ‘कंमत’. त्यांनी ती खोडली, पुन्हा तीच. त्यांचे बोट डोक्याचे ऐकत नव्हते. त्यांच्यासाठी आम्ही फक्त वेलांटीच्या शब्दांची दोन पाने काढली. किती, मिती, दिशा, विहीर, तिथी. महिन्याभरात त्यांचा हात वळला.

इन्स्क्रिप्टची मांडणी खरे तर मराठी माणसाला सोपी आहे. डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट शेजारी शेजारी बसले आहेत आणि शिफ्ट दाबले की प चा फ, क चा ख, त चा थ होतो. बाराखडी येणाऱ्या मुलाला हे एका बैठकीत समजते. तरीही बहुसंख्य मुले आज इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, कारण फोनवर तसे सवयीचे झाले आहे. आपण इन्स्क्रिप्टचा आग्रह सोडलेला नाही आणि सोडूही नये. तालुक्यातल्या कार्यालयांत, वर्तमानपत्रांत, छापखान्यांत आजही ज्यांचा मराठी हात वेगवान आहे त्यांना काम मिळते.

टंकयंत्रांचा निरोप मात्र टळला नाही. १९५५ मध्ये पहिले भारतीय टंकयंत्र बनवणाऱ्या गोदरेजने २००९ च्या सुमारास ते बनवणे थांबवले. सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात जावे लागू लागले आणि दुरुस्ती करणारे कारागीर कमी होत गेले. परीक्षा परिषदेने संगणकावरची टंकलेखन परीक्षा आणली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात टंकयंत्रावरची शेवटची परीक्षा झाली. आपल्या केंद्रातूनही शेवटची मुले त्या परीक्षेला गेली. सर तेव्हा हयात नव्हते. बाई परीक्षेच्या सकाळी आल्या, प्रत्येक मुलाच्या यंत्राची फीत स्वतः तपासली आणि घरी गेल्या. यंत्रे काही शाळांना दिली, काही भंगारात गेली, चार आपण ठेवली आहेत. त्यातले एक चालते.

२०१३ पासून एमएस-सीआयटीचे स्थान आणखी पक्के झाले. ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने सरकारी पदांच्या संगणक अर्हतेसाठी केंद्र सरकारच्या संस्थेचे सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी स्तर, नाहीतर राज्याचे एमएस-सीआयटी ग्राह्य ठरले. तलाठी भरती, जिल्हा परिषद भरती अशा प्रत्येक जाहिरातीत ही ओळ येऊ लागली. राज्यात एक कोटीहून अधिक लोकांनी हा कोर्स केला आहे. एवढ्या मोठ्या संख्येत काही जण केवळ कागदासाठी येणार, हे उघड आहे. भरतीची जाहिरात आली की आमच्याकडे गर्दी होते आणि भरती संपली की त्यातले अर्धे शिकलेले विसरतात. नोकरी मिळेल असे कुणी आश्वासन दिले तर ते खोटे असते. हे आम्ही प्रवेशाच्या वेळीच सांगतो. पण कागदासाठी आलेला माणूसही दोन महिने रोज स्वतः टेबलापुढे बसतो, आणि त्यातून काय उरते ते पुढे कधीतरी कळते. ‘सरल’ प्रणालीत शाळेची माहिती भरायची वेळ आली तेव्हा, शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा, अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले तेव्हा, आमचे जुने विद्यार्थी आपापल्या गावात इतरांचे फॉर्म भरताना दिसले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि केंद्र बंद झाले. भाडे चालू, पगार चालू, फी शून्य. शिक्षकांनी दोन महिन्यांचा पगार निम्मा घेतला, हे इथे कृतज्ञतेने नोंदवते. काही विद्यार्थी घरून फोनवर धडे पाहत राहिले. त्याच वेळी एक गोष्ट समोर आली. घरोघर मुलांच्या हातात फोन आले होते आणि त्यांना फोन उत्तम येत होता. पण शाळेने स्वाध्यायाची फाइल मागितली तर ती फोनमध्ये कुठे गेली हे सापडत नव्हते. फोटो काढून पाठवता यायचे, पत्र लिहून जोडता येत नव्हते. नंतर केंद्र उघडले तेव्हा आम्ही पहिल्या आठवड्याचा क्रम बदलला. माऊस आणि विंडोज नंतर, आधी फाइल. फाइल कुठे ठेवली, तिचे नाव काय, ती कुणाला पाठवली आणि ती आपल्याकडे अजून आहे का. नव्या पिढीला याचीच सगळ्यात जास्त गरज आहे असे माझे ठाम मत आहे.

अलीकडे ओटीपी, बनावट लिंक, खात्यातून गेलेले पैसे या तक्रारी घेऊन लोक केंद्रात येतात. त्यांचा बँकेपेक्षा आपल्यावर जास्त विश्वास असतो, कारण आपण त्यांच्या मुलाला किंवा त्यांनाच शिकवलेले असते. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरातून एकाला डिजिटल साक्षर करण्याची योजना आणली तेव्हा वीस तासांचे ते प्रशिक्षणही आपण घेतले. तिथे साठीला आलेल्या बायका आल्या आणि त्यांतल्या अनेकींनी पहिल्यांदा स्वतःचे नाव की-बोर्डवर टाइप केले. नाव पूर्ण झाल्यावर पुढे काय करायचे असे विचारल्यावर एकीने ‘ह्याच्याखाली माझ्या आईचं लिहू द्या’ असे सांगितले आणि लिहिलेही.

सर गेल्यानंतर बाई काही वर्षे येत राहिल्या. आता त्या येत नाहीत, पण वर्षअखेरीचा हिशेब त्यांना वाचून दाखवावा लागतो. दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही, हा नियम नवे शिक्षक नेमताना त्या अजूनही स्वतः सांगतात. शिकवताना माऊस हिसकावून ‘हे बघ असं’ म्हणणे शिकवणाऱ्याला सोपे असते आणि शिकणाऱ्याचे त्यात नुकसान होते. तोंडाने सांगायचे, बोटाने पडद्याकडे दाखवायचे, हात त्याचाच चालू द्यायचा. कधीकधी एका फाइलला अर्धा तास जातो. जाऊ द्यायचा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. शनिवारी दुपारी केंद्र माजी विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य खुले राहील, ज्यांना आपले कौशल्य गंजले आहे असे वाटते त्यांनी यावे. इन्स्क्रिप्टची स्वतंत्र बॅच आपण पुन्हा सुरू करत आहोत, आणि तिची फी एमएस-सीआयटीच्या विद्यार्थ्यांना माफ आहे. तिसरी गोष्ट पुसेगाव आणि मायणी भागातून आलेल्या मागणीची. तिकडच्या विद्यार्थ्यांची संध्याकाळची एसटी चुकते म्हणून त्यांची बॅच दीड तास अलीकडे घेतली आहे. नवी वेळ दारातल्या फळ्यावर लिहिली आहे. प्रवेशासाठी दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन यावे. फी हप्त्यांनी भरता येते आणि ज्याला तेही जमत नाही त्याने बाईंच्या नावाने लिहिलेला अर्ज द्यावा. तो अर्ज मात्र त्याने स्वतः टाइप केलेला असावा.